गाडीतला मोबाइल होल्डर आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत आज रिक्षापासून टेम्पोपर्यंत बहुतेक गाड्यांत मोबाइल होल्डर दिसतो. तो लावला की कायद्याच्या कचाट्यातून सुटलो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. होल्डर मोबाइल धरतो, बाकी जबाबदारी चालवणाऱ्याचीच राहते. खाली आधी कायदा, मग चलान, मग होल्डर लावायचा कसा, अशा क्रमाने उत्तरे दिली आहेत.

होल्डरला मोबाइल लावून गाडी चालवणे हा गुन्हा आहे का?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८४ धोकादायक रीतीने गाडी चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ सप्टेंबर २०१९ पासून, या कलमाला एक यादी जोडली गेली. सिग्नल तोडणे, थांबा-चिन्ह न पाळणे, नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणे, राँग साइडने येणे आणि गाडी चालवताना हातात धरायचे संपर्क-उपकरण वापरणे, या प्रत्येक गोष्टीला कायदा आपोआप ‘लोकांना धोकादायक’ मानतो. यादीत ‘होल्डर’ हा शब्द कुठेच नाही, त्यामुळे होल्डर नुसता बसवला म्हणून चलान होत नाही.

यादीचा शेवटचा मुद्दा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सक्षम आणि काळजी घेणाऱ्या चालकाकडून जी अपेक्षा असते, तिच्यापेक्षा फार खालच्या दर्जाने गाडी चालवणे हेही धोकादायकच. होल्डरवरचा मोबाइल बघता बघता लेन सोडली, तर फोन हातात नव्हता हे उत्तर तिथे कामाला येत नाही.

मग मॅप बघायला परवानगी आहे ना?

आहे, पण मोजून-मापून. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार, गाडी चालवताना असे उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येते, आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. या वाक्यात दोन अटी आहेत. ‘फक्त रस्त्यासाठी’ म्हटले की व्हॉट्सॲप, रील, क्रिकेटचा स्कोअर, गाण्यांची यादी हे सगळे बाहेर. आणि मॅपसुद्धा लक्ष न विचलित करता बघायचा, म्हणजे आवाजावर चालायचे आणि स्क्रीनकडे ओझरती नजर टाकायची.

ओझरती म्हणजे किती? ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात साधारण १६.७ मीटर जाते. दोन सेकंद स्क्रीन बघितली की ३३ मीटर न बघता पार झाले. लोकलच्या दीड डब्याएवढे हे अंतर आहे. कोस्टल रोडवर ताशी ८० ला तेच ४४ मीटर होते.

मोबाइल होल्डरवर आहे, पण मी बोटाने टाइप केले तर?

सगळ्यात जास्त वाद इथेच होतो. फोन हातात धरलेला नाही हे खरे. पण २०२० च्या नियमाचा गाभा ‘लक्ष’ हा आहे, आणि चालत्या गाडीत पत्ता टाइप करणे त्यात कुठेच बसत नाही. हवालदाराने बाहेरून तुमचे बोट स्क्रीनवर पाहिले तर तो चलान करू शकतो. तुमचे म्हणणे मग तक्रारीत किंवा कोर्टात मांडावे लागते.

व्यवहारात एक पथ्य पुरते. आलेला कॉल नाकारणे किंवा मॅपने सुचवलेला नवा रस्ता घेणे, असे एका टिचकीत होणारे काम तेवढे गाडी चालू असताना. तेही रस्ता मोकळा असेल तरच. दोन टिचक्या लागणारे प्रत्येक काम गाडी बाजूला घेऊन. पत्ता सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडायच्या आधीच टाकावा. मॅपचा आवाज मराठीत लावून ठेवला तर स्क्रीनकडे बघायची गरज बरीच कमी होते.

ब्लूटूथवर किंवा स्पीकरवर बोलले तर चालते का? ‘आता गुन्हा नाही’ असा मेसेज फिरतो आहे.

कलम १८४ मधला शब्द ‘हातात धरायचे उपकरण’ असा आहे. गाडीच्या स्टिअरिंगवरच्या बटणाने उचललेला आणि गाडीच्या स्पीकरवर चाललेला कॉल त्यात सरळ बसत नाही. फिरणारे मेसेज एवढ्यावरच उभे असतात. त्यात दोन गोष्टी गाळलेल्या असतात. एक, वर सांगितलेला २०२० चा नियम. दुसरी, काळजी न घेता चालवण्याचा मुद्दा.

काही मेसेजमध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाचा आधार दिलेला असतो. तो निकाल केरळ पोलीस कायद्याच्या एका कलमावर होता आणि केंद्रीय कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती त्यानंतरची आहे. दादरच्या सिग्नलवर तो दाखवून काही साध्य होणार नाही.

आमचे मत विचाराल तर ‘गाडी चालवतोय, नंतर करतो’ एवढेच सांगून फोन ठेवावा. घरचे हिशेब, ऑफिसची मीटिंग, भांडण यांना डोके लागते. स्पीकरवर बोलल्याने हात मोकळा होतो, डोके मोकळे होत नाही.

सिग्नलला लाल दिवा असताना फोन हातात घेतला तर?

घेऊ नका. इंजिन चालू, गाडी रस्त्याच्या मधोमध, तुम्ही स्टिअरिंगवर, म्हणजे तुम्ही गाडी चालवतच आहात, असेच पोलीस धरतात. सिग्नलवरचे कॅमेरेही तिथेच रोखलेले असतात.

गाडी बाजूला घ्यायची म्हणजे मुंबईत नेमकी कुठे?

सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू यांवर फोनसाठी थांबायचे नाही. कडेला मोकळी पट्टी दिसली तरी ती बंद पडलेल्या गाड्यांसाठी आहे. तिथे शिरण्याआधीच मॅप तपासून घ्या. शहरात पे-ॲन्ड-पार्क, मॉलचे पार्किंग, पेट्रोल पंपाबाहेरची मोकळी जागा किंवा नो-पार्किंगची पाटी नसलेली आतली गल्ली शोधावी. बस स्टॉपवर, वळणावर आणि उड्डाणपुलाच्या तोंडाशी थांबलात तर मोबाइलचे चलान वाचेल आणि पार्किंगचे लागेल. थांबल्यावर गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, आणि मग फोन.

दंड किती होतो?

कलम १८४ खाली पहिल्या गुन्ह्याला किमान सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत तसाच गुन्हा पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे कोर्टापर्यंत जात नाहीत. कलम २०० खाली काही गुन्हे तडजोड शुल्क भरून मिटवता येतात. कलम १८४ मधला फक्त हातातल्या उपकरणाचा भाग त्या यादीत घातलेला आहे. शुल्काची रक्कम राज्य सरकार अधिसूचनेने ठरवते. तुमच्यापुरती ती चलानावर कलमासमोर छापलेली असते.

‘पैसे भरले, विषय संपला’ असे मात्र नाही. कलम २०० मध्येच लिहिले आहे की तडजोड केली तरी तो गुन्हा ‘आधी केलेला गुन्हा’ म्हणून मोजला जातो. यंदा भरलेले चलान दोन वर्षांनी तुम्हाला ‘दुसऱ्यांदा’च्या रकान्यात नेऊन बसवते.

कलम १८४ लावण्याइतका प्रकार गंभीर नसेल आणि रस्त्यावरील वर्तनाच्या विनियमांचा भंग असेल, तर कलम १७७-ए खाली ५०० ते १,००० रुपये दंड होऊ शकतो. चलान हातात आल्यावर पहिल्यांदा कलम वाचा, आकडा नंतर.

लायसन्स जप्त होऊ शकते का?

होय. कलम २०६ च्या पोटकलम ४ नुसार, कलम १८४ चा गुन्हा झाला असे मानायला कारण असेल तर पोलीस अधिकारी लायसन्स ताब्यात घेऊन परवाना प्राधिकरणाकडे पाठवतो. मुंबईत ते तुमच्या आरटीओकडे जाते: ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली. जप्तीची पावती मिळते. पण कायदा स्पष्ट सांगतो की लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात आणि पावती खिशात ठेवून बिनधास्त फिरतात.

तडजोड शुल्क भरल्याने ही कारवाई थांबत नाही. आरटीओला कलम १९ खाली (लायसन्स अपात्र ठरवण्याचे किंवा रद्द करण्याचे कलम) निर्णय घेण्याआधी तुमचे म्हणणे ऐकावे लागते. त्या सुनावणीला जा. रस्त्याचा फोटो, होल्डर कुठे बसवला आहे त्याचा फोटो आणि त्या वेळेचा कॉल लॉग सोबत न्या. आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते.

फोन हातात नव्हता, तरी ई-चलान आले. काय करू?

आधी फोटो बघा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर किंवा महाट्रॅफिक ॲपमध्ये गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे घातले की चलान आणि पुरावा दोन्ही उघडतात. हे आकडे आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर असतात.

फोटोत चार गोष्टी तपासा. नंबर प्लेट तुमचीच आहे का? शून्य आणि आठ, एक आणि सात यांत घोळ होतो. गाडीचा रंग आणि मॉडेल जुळते का? हातात खरेच फोन दिसतो आहे, की गालावर हात टेकवलेला आहे, की पाण्याची बाटली, की पाकीट? आणि वेळ-ठिकाण जुळते का? गाडी त्या वेळी सोसायटीत उभी असेल तर गेटच्या सीसीटीव्हीचे चित्रण लगेच काढून घ्या. ते काही दिवसांनी आपोआप पुसले जाते.

ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-ए नुसार कॅमेऱ्याने केलेल्या कारवाईत गुन्हा आणि नंबर प्लेट दोन्ही स्पष्ट दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणत्या तरतुदीचा भंग झाला याची नोंद असावी लागते. कॅमेऱ्यालाही मान्यतेचे प्रमाणपत्र लागते. फोटोत फोन दिसतच नसेल तर तक्रारीत एवढे एकच वाक्य लिहा: ‘छायाचित्रात चालकाच्या हातात उपकरण दिसत नाही.’ दोन पाने कैफियत लिहिली की मुख्य मुद्दा बुडतो. होल्डर बसवलेला असेल तर काचेबाहेरून काढलेला त्याचा फोटो जोडा.

ही तक्रार पोर्टलवर किंवा ॲपमध्ये करता येते. निकाल लागेपर्यंत पैसे भरू नका, कारण शुल्क भरणे म्हणजे तडजोड मान्य करणे. प्रकरण कोर्टात गेलेच तर तिथे म्हणणे मांडता येते. प्रलंबित चलाने लोकअदालतीतही निघतात.

गाडी तुमच्या नावावर आणि चालवत होता भाचा, असे असेल तर कलम १३३ नुसार चालकाची माहिती मालकाने द्यायची असते.

लायसन्स आणि आरसी मोबाइलमध्येच आहे. हवालदाराने मागितली तर?

डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली कागदपत्रे ग्राह्य आहेत. गाडी बाजूला, इंजिन बंद, मग फोन होल्डरमधून काढायचा. चालत्या गाडीत ‘दाखवतो साहेब’ म्हणत फोन काढलात तर आयतेच सापडलात.

कारमध्ये होल्डर नेमका कुठे लावावा?

तीन जागा प्रचलित आहेत आणि तिन्हींत काही ना काही खोट आहे.

एसीच्या व्हेंटवर: नजर फार खाली जात नाही, थंड हवेमुळे फोन तापत नाही. खोट अशी की व्हेंटची पट्टी नाजूक असते. दोनशे ग्रॅमचा फोन आणि सायन-पनवेल महामार्गावरचे खड्डे, दोन महिन्यांत पट्टी ढिली. नुसत्या चिमट्याऐवजी मागून हुक अडकवून स्क्रूने आवळायचा होल्डर घ्या आणि खाली टेकू असलेला निवडा.

डॅशबोर्डवर: चिकटवायचा असेल तर बहुतेक डॅशबोर्ड खरबरीत असतात, त्यावर रबरी सक्शन टिकत नाही. आधी चिकटपट्टीची गुळगुळीत चकती बसवावी लागते. त्या जागेवरची डॅशबोर्ड पॉलिश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा, वाळू द्या, चकती ३० सेकंद दाबून धरा आणि २४ तास काहीही वजन लावू नका. लोक लगेच फोन लावतात आणि दुसऱ्या दिवशी ‘माल खराब आहे’ म्हणतात. डाव्या बाजूला ‘एअरबॅग’ असे कोरलेले असते, तिथे आणि त्याच्या आजूबाजूला काहीही लावू नका. एअरबॅग फुटली की होल्डर गोळीसारखा सुटतो.

काचेवर: सगळ्यात सोपे आणि सगळ्यात जास्त चुकणारे. आरशाच्या खाली, बरोबर नजरेसमोर लावलेला फोन पादचारी झाकतो. लावायचाच तर काचेच्या अगदी खालच्या कडेला, स्टिअरिंगच्या डावीकडे. काचेच्या कडेच्या उजव्या खांबाजवळ पडदा-एअरबॅग (खिडकीच्या बाजूने पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाड्यांत त्या खांबापासून दूर.

लावून झाले की परीक्षा घ्या. नेहमीच्या सीटवर नेहमीसारखे बसा. फोनची वरची कड बॉनेटच्या रेषेच्या वर येत असेल तर खाली घ्या. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. हात होल्डरला लागता कामा नये. गिअर पहिल्यापासून पाचव्यापर्यंत टाकून बघा, चार्जिंगची वायर गिअर लिव्हरला गुंडाळते का ते दिसेल. उन्हाचा विचारही करा. आयफोनसाठी ॲपलने वापरायचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगितले आहे. मे महिन्याच्या दुपारी काचेखालच्या फोनला ते कुठले मिळायला? फोन तापला की स्क्रीन अंधूक होते, चार्जिंग थांबते आणि नेमक्या फाट्यावर मॅप अडकतो.

टू-व्हीलरला कोणता होल्डर घ्यावा आणि कसा बसवावा?

मोटरसायकल असेल तर सरळ हँडलच्या नळीवर. बहुतेक नळ्या २२ मिलिमीटर व्यासाच्या, काही मोठ्या गाड्यांच्या २८ च्या असतात. क्लॅम्प घेताना आतले रबर मोजून घ्या. रबर न लावता नुसता धातू आवळला तर नळीवर ओरखडे उठतात आणि होल्डर फिरत राहतो.

स्कूटरचे हँडल प्लॅस्टिकच्या आवरणात असते, त्यामुळे होल्डर आरशाच्या दांड्याच्या बुडाशी बसवतात. तिथला बोल्ट गाडीनुसार ८ किंवा १० मिलिमीटरचा असतो. भोक मोजूनच पट्टी घ्या. बसवताना:

१. रबरी टोपी वर सरकवा, चेक-नट (आरशाचा दांडा जागेवर घट्ट धरणारा नट) पान्याने सैल करा, आरसा काढा.
२. काही गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने सैल होत नसेल तर जोर लावू नका, उलटे फिरवून बघा. जोर लावला की आटे जातात, आणि मग ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचा सगळा ब्रॅकेट बदलायची वेळ येते.
३. होल्डरची पट्टी खाली, आरसा वर, हाताने पूर्ण बसवा, मग चेक-नट आवळा.
४. हँडल दोन्ही टोकांना फिरवा. फोन काचेला किंवा ब्रेकच्या केबलला लागत असेल किंवा स्पीडोमीटरच्या आड येत असेल तर कोन बदला.
५. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा तपासा. कंपनाने ते हमखास ढिले होतात.

पकड चार कोपऱ्यांची असावी आणि वरून सिलिकॉनचे जाळे असावे. नुसत्या स्प्रिंगवर विसंबून राहिलात तर एखाद्या स्पीडब्रेकरवर फोन मागच्या बसखाली जाईल. आणि आपला फोन पडताना बघून चालकाचा हात आपोआप तिकडे जातो. पडलेल्या फोनपेक्षा तो हात जास्त महागात पडतो.

फोनमधल्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. मोटरसायकलच्या इंजिनाची कंपने हँडलमधून फोनपर्यंत पोहोचतात आणि कॅमेऱ्यातली लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. आयफोनबद्दल ॲपलनेच २०२१ मध्ये तसा इशारा दिला आहे. मोठ्या सिंगल सिलिंडरच्या गाडीला कंपन शोषणारा रबरी डॅम्पर लावा, नाहीतर मॅपसाठी जुना फोन वापरा. फोटो थरथरते आणि धूसर यायला लागले की समजा, उशीर झाला.

चार्जर जोडताना इग्निशन चालू केल्यावरच करंट येणाऱ्या वायरवर जोडा आणि मध्ये फ्यूज टाका. बॅटरीला सरळ जोडलेला चार्जर गाडी बंद असतानाही थोडा थोडा करंट खात राहतो. चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही.

पावसाळ्यात काय करायचे?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत टचस्क्रीनवर भरवसा ठेवू नका. पाण्याचे थेंब बोटासारखे वागतात: मॅप आपोआप मोठा होतो, कॉल आपोआप लागतो. निघण्याआधी रस्ता लावा आणि स्क्रीन पिन करून ठेवा, म्हणजे तेवढे एकच ॲप उघडे राहते. पारदर्शक पाऊच आतून धुरकटतो. त्यात सिलिका जेलची पुडी टाका. पाऊचमध्ये फोन ठेवून चार्जिंग करू नका, गरम होतो आणि ओलावा चार्जिंगच्या भोकात जातो. जोराच्या सरीत फोन सरळ खिशात आणि हेल्मेटमधल्या स्पीकरवर आवाज, हा सगळ्यात बरा मार्ग.

हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलले तर तो ‘हातात’ नाही ना?

हे दृश्य मुंबईत रोज दिसते: हेल्मेटचा गालाकडचा पॅड दाबून, फोन कानाशी अडकवलेला, मान थोडी तिरकी. फोन हातात नसला तरी वापर चालूच आहे आणि तो रस्ता शोधण्यासाठी नाही. त्यात हेल्मेट नीट बसत नाही. पॅड आणि गालाच्या मध्ये बोटभर जाडीची काच-धातूची पट्टी आली की हेल्मेट सैल होते आणि धक्का लागताच तीच पट्टी जबड्यावर आदळते. शिवाय फोन घसरला की तो सावरायला हात जातोच. हेल्मेट नीट न घालण्याबद्दल कलम १९४-डी वेगळे आहे: १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र.

दोन्ही कानांत इयरफोन?

नको. मागून येणारी ॲम्ब्युलन्स, शेजारचा ट्रक, स्वतःच्या गाडीचा बदललेला आवाज, काहीच कळत नाही. मॅप ऐकायचा असेल तर डाव्या कानात एकच, आवाज बेताचा.

गाडीच्या मोठ्या स्क्रीनवर व्हिडिओ चालू ठेवला तर?

डॅशबोर्डमध्ये बसवलेली स्क्रीन ‘हातातली’ नाही, पण २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनी गाडी चालवताना चालकाने व्हिडिओ बघण्याला मनाई केली आहे. सूट फक्त मार्गदर्शनासाठी. कंपनीच्या स्क्रीन गाडी हलू लागली की व्हिडिओ बंद करतात. बाहेरून बसवलेल्या स्क्रीनमध्ये हँडब्रेकची वायर अर्थिंगला जोडून हे कुलूप उघडून देणारे कारागीर आहेत. तसे करून घेऊ नका, आणि जुनी गाडी विकत घेताना ते केलेले आहे का हे तपासा: हँडब्रेक सोडल्यावरही व्हिडिओ चालू राहिला की उत्तर मिळाले.

रिक्षावाला किंवा टॅक्सीवाला होल्डरवर रील बघत चालवतो आहे. प्रवासी काय करू शकतो?

आधी शांतपणे सांगा, ‘दादा, व्हिडिओ बंद करा, नाहीतर मी उतरतो.’ बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. कलम १८४ मध्ये २०१९ पासून एक उपयोगी भर आहे: गाडीतल्या प्रवाशाला भीती किंवा त्रास वाटेल अशा रीतीने चालवणेही त्यात येते. म्हणजे तुमची तक्रार नुसती कुरबुर राहत नाही.

ऐकले नाही तर गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण टिपा आणि स्क्रीन व चालक एकाच चौकटीत येतील असा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. ॲपवरची गाडी असेल तर ॲपमध्ये, नाहीतर वाहतूक पोलिसांकडे तक्रार करा. मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे मार्गावरच्या ई-शिवनेरीचा चालक मोबाइलवर क्रिकेट सामना बघत असल्याचा व्हिडिओ एका प्रवाशाने पाठवला आणि त्या चालकाची नोकरी गेली. प्रवाशाच्या व्हिडिओला वजन असते.

डिलिव्हरीच्या कामात ऑर्डर चालत्या गाडीवरच स्वीकारावी लागते. मग?

कायद्यात धंद्यासाठी वेगळी सूट नाही. ऑर्डरचा आवाज वेगळा आणि मोठा ठेवा, वाजला की आधी डावीकडे घ्या, मग बोट लावा. ‘पोहोचलो’चे बटण ग्राहकाच्या गेटवर उतरूनच दाबायचे. दोन फोन दोन होल्डरवर लावणारे बरेच आहेत; एका वेळी दोन नकाशे कुणालाच बघता येत नाहीत, दुसरा खिशात ठेवा.

मॅप टू-व्हीलरला सी लिंकवर नेतो. चूक कुणाची?

तुमची. मॅप कारच्या मोडमध्ये आहे. गूगल मॅप्समध्ये भारतासाठी २०१७ पासून दुचाकीचा वेगळा मोड आहे, तो निवडा. सी लिंक आणि अटल सेतूवर दुचाकी-तीनचाकीला बंदी आहे, जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकीला. मॅपने दाखवले म्हणून चलान माफ होत नाही. पाटी मॅपपेक्षा मोठी.

उड्डाणपुलाच्या तोंडाशी वरून जायचे की खालून, हा मुंबईतला नेहमीचा घोळ. पूल दिसायच्या आधी आवाज ऐकून लेन ठरवा. चुकले तर चुकू द्या, पुढच्या यू-टर्नने परत या. कोस्टल रोडच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात जीपीएस तुटते आणि निळा ठिपका कधी मलबार हिलवर, कधी समुद्रात जातो. तिथे स्क्रीनकडे बघून उपयोग नाही. उत्तरेकडे जाताना बोगद्यानंतर अमरसन्स, हाजी अली, वरळी असे फाटे लागतात; आपला कोणता हे आत शिरण्याआधी ठरवा आणि पाट्या वाचत चला.

स्मार्टवॉच?

मनगटावर असले तरी मेसेज वाचायला नजर रस्त्यावरून हटतेच. ‘ड्रायव्हिंग’ मोड लावा.

अपघात झाला आणि फोन चालू होता, तर?

मग मोटार वाहन कायद्याशिवाय भारतीय न्याय संहिताही लागते. १ जुलै २०२४ पासून बेदरकार गाडी चालवण्यासाठी कलम २८१, दुखापतीसाठी १२५, आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास १०६, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तपासात कॉलच्या नोंदी आणि फोनमधल्या हालचाली मिनिटानिशी निघतात, त्यामुळे ‘फोन तर होल्डरवर होता’ एवढ्याने भागत नाही.

डॅशकॅम लावता येतो का?

येतो. तो संपर्काचे उपकरण नाही, फक्त चित्रण करतो. आतल्या आरशाच्या मागे, चालकाच्या बाजूने दिसणार नाही असा बसवा, आणि त्याची स्वतःची स्क्रीन एक मिनिटानंतर बंद होईल असे सेटिंग करा. वायर छताच्या कडेने आणि खांबाच्या रबरातून न्या. पडदा-एअरबॅगच्या समोरून नाही, मागून. पार्किंगमध्येही चालू ठेवायचा असेल तर बॅटरीचा दाब उतरला की आपोआप बंद करणारा हार्डवायर संच (गाडीच्या वायरिंगला जोडायचा) घ्या.

चित्रण पुरावा म्हणून द्यायचे तर तारीख-वेळ बरोबर हवी. कॅमेऱ्याची छोटी बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते. कार्ड सतत लिहिणे-पुसणे सोसणारे, ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेले घ्या. जुने चित्रण त्यावरच पुसले जाते, म्हणून काही घडले की गाडी बाजूला घेऊन ‘लॉक’चे बटण दाबा किंवा कार्ड काढूनच घ्या. कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ कार्ड तसेच जपून ठेवा, त्यावर पुढचे चित्रण करू नका.

तातडीचा फोन असेल तर? घरी कुणी आजारी आहे.

कलम १८४ च्या यादीत आणीबाणीचा अपवाद लिहिलेला नाही. निघताना शेजारी बसणाऱ्याकडे फोन द्या. एकटे असाल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा: फार तातडीचे असेल तर लागोपाठ दोन रिंग द्या, मी बाजूला घेऊन करतो. आणि रस्त्यात अपघात दिसला म्हणून ११२ लावायचा असेल, तरी आधी इंडिकेटर, मग डावी कड, मग फोन.